शेजारी बसवून शिकतात का?

‘बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांच्या शेजारी नवखी मुलं बसवा, आपोआप प्रोग्रॅमिंग शिकतात,’ हे म्हणणं मला पटत नाही. प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी दोन वर्षं तेच केलं. एका मशीनवर दोघं बसले की कीबोर्ड ज्याला येतं त्याच्याकडे जातो, दुसरा जर्नल उतरवत राहतो. मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी जवळपास अख्खं सत्र अशीच गप्प होती. शेवटी एकटीला विचारलं, तर ‘एक्स = एक्स + १’ वर बोट ठेवून म्हणाली, "सर, हे समीकरण खरं कसं होईल?" शंका अगदी रास्त होती. गणितात त्याला उत्तरच नाही! प्रोग्रॅममध्ये मात्र त्याचा अर्थ ‘एक्समध्ये एक मिळवून ते परत एक्समध्येच ठेव’ असा होतो. पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत यासाठी कोलन लावलेलं वेगळं चिन्ह होतं. सी आणि पायथन या भाषांत साधं ‘बरोबर’चं चिन्हच वापरतात. वहीत ‘एक्स’ नावाचा चौकोन काढून, आतला ५ खोडून ६ लिहिला, तेव्हा तिचा चेहरा खुलला. शेजारच्या हुशार मुलाला ही अडचण कधी दिसलीच नव्हती.

अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास पहिल्या कोर्सचे आधीच्या अनुभवानुसार वेगळे वर्ग केले, जावा सोडून पायथन घेतलं. काही वर्षांत तिथे संगणकशास्त्र निवडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून ४० वर गेलं. इतरही बदल केले होते, पण वर्ग वेगळे करणं त्यातलं मोठं पाऊल होतं. मी आता निदान प्रॅक्टिकलच्या बॅचेस तरी तशा पाडतो.