मदत हवी आहे: इतिहास + माहितीपट, पदव्युत्तर कोर्स

इतिहासात बीए झालं आहे. दोन्ही विषय एकत्र शिकवणारा कोर्स शोधते आहे. हाताशी १२ मिनिटांची एक फिल्म (मुलाखती आणि जुने फोटो) आणि ४० पानी प्रबंध आहे. कोर्स कसा निवडावा? अर्जात काय पाठवावं? आणि जुन्या फुटेजचे हक्क विद्यार्थ्याला झेपतात का?

दफ्तरखाना:
कोर्सच्या नावावर जाऊ नका, कोर्सअखेरची फिल्म कोण तपासतं ते विचारा. पुष्कळ ठिकाणी ती फक्त मीडिया विभाग बघतो आणि इतिहास दोन पेपरांत उरकतो. खरी जोडी मोजकीच. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात न्यूहाउस (माध्यमं) आणि मॅक्सवेल (इतिहास आणि समाजशास्त्रं) या दोन शाळांनी मिळून नेमकी याच विषयाची एमए चालवली आहे. यंदा प्रवेश आहेत का ते विभागाला मेल करून विचारा. मँचेस्टर विद्यापीठाचं ग्रॅनडा सेंटर (स्थापना १९८७) मानववंशशास्त्राच्या अंगाने जातं, कागदपत्रांवर उभ्या विषयाला ते कमी जुळेल. डॉकनोमॅड्स (माहितीपट दिग्दर्शनाची युरोपातली एमए) दोन वर्षं लिस्बन, बुडापेस्ट, ब्रसेल्स असं फिरवतं. तिथे दिग्दर्शन पक्कं होईल, इतिहास तुमचा तुम्ही सांभाळायचा.
पुढे फिल्म शिकवायची असेल तर अमेरिकेतली एमएफए (फिल्मसारख्या कलांची पदव्युत्तर पदवी). इतिहासात पीएचडी करायची असेल तर एमए बरी.

कात्री_डिंक:
अख्खी १२ मिनिटं पाठवू नका. मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, पण सलग ४-५ मिनिटांचा एक प्रसंग काढून ठेवा. ट्रेलर नको, त्यातून तुम्ही प्रसंग कसा बांधता ते कळत नाही. सबटायटल चित्रावरच छापा आणि निकाल लागेपर्यंत लिंकचा पासवर्ड बदलू नका. प्रबंधातलं एकच प्रकरण द्या, जिथे मूळ कागदाची उलटतपासणी दिसते ते.
एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) ‘मला गोष्टी सांगायला आवडतात’ नको (सगळेच लिहितात). विषय काय, साधनं कुठे आहेत, त्यांत कोणाचा आवाज नाही आणि ती उणीव पडद्यावर कशी हाताळणार, एवढं लिहा.

रीळ_नंबर_सात:
हक्कांचं बोलू, कारण फिल्म अडकते ती इथेच. फुटेजचा दर सेकंदावर असला तरी बहुधा किमान लांबी ठरलेली असते: वापरले ८ सेकंद, बिल ३० किंवा ६० सेकंदांचं. भाव ठरतो माध्यम, प्रदेश आणि मुदत यांवर. आत्ता फक्त महोत्सवांपुरते हक्क घ्या, पण टीव्ही आणि ऑनलाइनचा भाव त्याच करारात लिहून घ्या. फिल्मला मागणी आली की मग घासाघीस करता येत नाही. स्कॅनिंगचा खर्च वेगळा.
यूट्यूबवर दिसतं ते फुकट नसतं. ब्रिटिश पाथे या जुन्या वार्तापटांच्या संग्रहाने २०१४ मध्ये सुमारे ८५,००० फिल्म तिथे टाकल्या, तरी वापरायला परवाना लागतोच. अमेरिकी केंद्र सरकारने स्वतः बनवलेल्या फिल्मवर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, पण त्यातलं संगीत दुसऱ्या कुणाचं असू शकतं.
एडिटिंगच्या पहिल्या दिवसापासून तक्ता ठेवा: संग्रहाचा क्रमांक, मूळ टाइमकोड (रिळातली नेमकी जागा), हक्कधारक. नाहीतर फायनल कटमध्ये वॉटरमार्कवाली (संग्रहाचा शिक्का असलेली) कॉपी उरते आणि तिचं मूळ रीळ काही सापडत नाही.
आणि फुटेज हाही पुरावाच, तपासल्याशिवाय घेऊ नका. पहिल्या महायुद्धावरच्या ‘बॅटल ऑफ द सोम’ (१९१६) या फिल्ममधलं सैनिक खंदकातून वर चढतानाचं प्रसिद्ध दृश्य मुद्दाम घडवून चित्रित केलेलं आहे. मूकपटांचा वेगही बघा: सेकंदाला १६-१८ फ्रेमवर घेतलेलं २४ वर चालवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि गंभीर प्रसंगाला लोक हसतात.

धागाकर्ती:
धन्यवाद! मुलाखतींची संमती फिल्मपुरती घेतली आहे. चालेल?

दफ्तरखाना:
नाही. कच्चं रेकॉर्डिंग संग्रहात ठेवणं आणि इतर संशोधकांना ते ऐकू देणं, यांची संमती वेगळी घ्या. अमेरिकेत २०१९ पासूनच्या केंद्रीय नियमांत मौखिक इतिहास नीतिसमितीच्या (माणसांवरचं संशोधन तपासणाऱ्या समितीच्या) कक्षेबाहेर ठेवला आहे, तरी काही विद्यापीठं आपला फॉर्म भरून घेतातच. शूटिंगच्या आधी विचारा. झालेल्या मुलाखतीला मागाहून मंजुरी सहसा देत नाहीत.