विषय: पुन: 19 डिसेंबरचा हॉल

सचिव:
नमस्कार मंडळी. 19 डिसेंबर 2025, शुक्रवार संध्याकाळचा हॉल मिळतोय. स्नेहभोजन ठेवू का? कुणाचं काही आड येत असेल तर आजच कळवा, मागून कुरकुर नको.

खजिनदार (मुक्काम औसा तालुका):
सचिवसाहेब, पंचांग उघडा की जरा! त्या दिवशी येळवस आहे, मार्गशीर्ष अमावस्येचा रानातला सण. मी त्यासाठीच रजा टाकून गावी आलोय. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे रानात. कडब्याची कोप (खोपटं), आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड, भज्जी (भाज्या-दाण्यांची एकत्र शिजवलेली), बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आंबिलीचा माठ मात्र मीच नेणार. मागं धाकट्यानं बांधावरच सांडला होता.

गंमत म्हणजे तिकडं माझ्या सर्बियन शेजाऱ्याकडंही त्याच दिवशी गहू शिजतो. संत निकोलसचा दिवस 6 डिसेंबर, पण त्यांचं चर्च जुनं ज्युलियन पंचांग धरतं. ते 13 दिवस मागं, म्हणून 19. या सणाला म्हणतात ‘स्लावा’: घराण्याचा संत, बापाकडून मुलाकडं येणारा. कुलदैवतच की! मेणबत्ती, नक्षीचा पाव, आणि उकडलेला गहू साखर-अक्रोड घालून. नाताळाआधीचा उपास असतो, त्यामुळं मटण नाही, दूध नाही, पण मासे चालतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “मासे खाऊन कसला उपास म्हनं?”

अंबाजोगाईच्या काकू:
शुक्रवार संध्याकाळ नकोच. आपल्याकडे येणारी दोन ज्यू कुटुंबं शब्बाथ पाळतात, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा विसाव्याचा दिवस. तेव्हा गाडी चालवत नाहीत. त्यात हनुका, त्यांचा दिव्यांचा सण, चालू; त्या संध्याकाळी सहावी ज्योत. शुक्रवारी तीही शब्बाथच्या दिव्यांआधीच लावतात. त्यांचे महिनेही चंद्रावरच, हनुका किस्लेव महिन्याच्या 25 ला लागतो आणि आठ दिवस चालतो, म्हणजे अमावस्या त्याच्या पोटातच. गेल्या वर्षीही 30 डिसेंबरला येळवस हनुकातच आली होती. 2026 ला मात्र चुकामूक. आपला अधिक ज्येष्ठ महिना मध्येच येतोय, म्हणून येळवस जाईल जानेवारी 2027 मध्ये. हनुका डिसेंबरातच उरकेल. अधिक महिना त्यांच्याकडंही असतो, पण तो हिवाळा सरताना, अदार नावाचा.

सचिव:
बरं, रविवार 21, दुपारी. अमावस्या टळली म्हणून कुणी रुसू नका, इथं रान तरी कुठाय? भज्जी काकूंकडं. खजिनदार, शेजाऱ्याला बोलवा, गहू घेऊन यायला सांगा. आंबील कोण करणार? प्लास्टिकच्या डब्यात आणू नका, माठ मी देतो.