उघड्या भांड्याची सवय असलेल्या तलंगांना निपलमधून पाणी प्यायला कसे शिकवावे? (सल्ला हवा)

रानमळा (धागाकर्ती)

नमस्कार. जुन्नर तालुक्यातील आमच्या मळ्यावर ४० तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आहेत. बहुतेक ऱ्होड आयलंड रेड संकराच्या असून काही गावठी आहेत. वय साडेचार महिन्यांच्या आसपास असल्याने लवकरच त्या अंड्यावर येतील. लहानपणी त्या प्लास्टिकच्या उलट्या भांड्यातून पाणी प्यायच्या आणि आता पसरट घमेल्यातून पितात. घमेल्यात तूस, विष्ठा आणि खाद्याचा भुगा पडून दुपारपर्यंत पाणी गढूळ होते, भोवतालची गादी (जमिनीवर पसरलेला तुसाचा थर) सतत ओली राहते, अमोनियाचा वास येतो आणि अशा ओलीत रक्ती हगवणीची धास्ती कायम असते.

म्हणून शेडच्या एका भिंतीलगत पाऊण इंची पीव्हीसी पाइप टाकून त्यावर सर्व बाजूंना हलणाऱ्या पिनेचे ५ निपल (पिनेला चोच लागली की पाणी सोडणाऱ्या छोट्या झडपा) बसवले आहेत. पाणी छपराजवळ ठेवलेल्या २०० लिटरच्या ड्रममधून येते. तलंगा पाइपाखालून ये-जा करतात, पण पिनेकडे पाहतही नाहीत. घमेले उचलले की ते जिथे असायचे त्याच जागी घोळका करून उभ्या राहतात. एखादीने चोच मारलीच तर पाण्याची चिळकांडी उडते आणि ती दचकून मागे सरते.

घमेले एकदम बंद करावे की हळूहळू, निपलची उंची किती असावी आणि निपलखाली कप लावल्याने शिकणे सोपे होते का, याबद्दल ज्यांनी मोठ्या पक्ष्यांना ही सवय लावली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुक्तसंचार

ताई, आपण लिहिलेली चिळकांडीची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून शिकवण्याआधी दाबाविषयी लिहितो. निपलची झडप अगदी कमी दाबावर चालावी अशी बनवलेली असते. मोठ्या शेडमध्ये लाइनच्या सुरुवातीला दाब-नियंत्रक बसवतात आणि तिथला दाब पाण्याच्या उंचीच्या हिशेबाने, म्हणजे सेंटिमीटरमध्ये मोजतात. आपला ड्रम छपराजवळ आहे, म्हणजे त्यातील पाणी निपलपासून दीड-दोन मीटर वर असणार. एवढ्या दाबाने पिन जड होते आणि उघडली की पाणी तोंडावर उडते. ज्या पक्ष्याला पहिल्याच प्रयत्नात असा अनुभव आला तो पुन्हा लवकर तिथे चोच लावत नाही, आणि त्याचे पाहून बाकीचेही बिचकतात.

ड्रम आहे तिथेच राहू द्यावा. मध्ये एक झाकणाची बादली घेऊन तिच्यात कूलरला असतो तसा फ्लोट व्हॉल्व्ह बसवावा आणि बादलीतील पाण्याची पातळी निपलच्या लाइनपासून ३० ते ४० सेंटिमीटर वर राहील अशी ती टांगावी. मग एका निपलखाली मापाची बाटली धरून मिनिटभर पिन दाबून ठेवावी. मोठ्या कोंबडीसाठी मिनिटाला ६० ते १०० मिलिलिटर पाणी आले तर ते योग्य समजावे. लाइन अगदी समतल हवी; गवंडी लोक वापरतात ती पाणी भरलेली नळी लावून पाहिली की फरक लगेच कळतो. चढ-उतार राहिला तर उंच भागात हवा अडकते, त्या भागातील निपल कोरडे राहतात आणि दोष मात्र कोंबड्यांना दिला जातो. लाइनच्या शेवटच्या टोकाला पारदर्शक नळीचा तुकडा उभा जोडून वरून उघडा ठेवला तर अडकलेली हवाही निघते आणि पाण्याची पातळीही डोळ्यांना दिसते.

आता शिकवण्याविषयी. कोंबडी पाणी शोधते ती दोन गोष्टींवर: ओळखीची जागा आणि चमक. तलंगा घमेल्याच्या जागी जाऊन उभ्या राहतात याचा अर्थ त्यांना जागा पक्की ठाऊक आहे, तेव्हा निपलच त्या जागी नेणे सोयीचे. पाइप हलवणे शक्य नसेल तर घमेले रोज थोडे थोडे सरकवत पाइपाखाली आणावे. ते बरोबर निपलखाली आले की दिवसातून काही वेळा स्वतः पिना हलवून थेंब घमेल्यात पडू द्यावेत. थेंब पाण्यावर पडून तरंग उठतो, त्या आवाजाने कोंबडी मान वर करते, आणि पुढचा थेंब पिनेच्या टोकाशी लोंबत असतानाच ती त्याला टिपते. ही एक क्रिया तिला जमली की निम्मे शिक्षण झाले. त्यानंतर घमेल्यातील पाणी कमी कमी करत न्यावे.

सरावाच्या काळात पिनेचे टोक कोंबडीच्या डोळ्याच्या पातळीला ठेवावे, कारण डोक्यावरचा थेंब तिच्या सहज लक्षात येत नाही. सवय लागली की लाइन हळूहळू वर घ्यावी. मोठी कोंबडी पाणी पिताना तिचे दोन्ही पाय पूर्ण टेकलेले असावेत आणि मान वर ताणलेली असावी, म्हणजे पाणी चोचीतून सरळ घशात उतरते. निपल खाली राहिला तर ती बाजूने चोच मारते, अर्धे पाणी गादीवर सांडते आणि ओल टाळण्याचा आपला मूळ हेतूच साधत नाही.

शिकवण्याची वेळ पहाटेची. रात्रभर पाणी न प्यायलेल्या कोंबड्या खाली उतरतात तेव्हा त्यांना खाद्य घालावे, घमेले ठेवू नये, आणि त्यांच्यात बसून बोटाने पिना टकटक हलवाव्यात. त्यांतील दोन-तीन धीट तलंगा हेरून, त्यांना अलगद धरून चोचीचे टोक पिनेला लावावे. सगळ्या ४० धरण्याची गरज पडत नाही. एक पिऊ लागली की बाकीच्या बघून शिकतात. कप मी लावत नाही. तुसाच्या गादीवर कपात चोवीस तास काही ना काही पडत राहते आणि घमेल्याचीच छोटी आवृत्ती पाच ठिकाणी तयार होते.

पहाटवारा

मी पशुवैद्यकीय सेवेत आहे, म्हणून वरच्या उत्तम माहितीला काळजीची बाजू जोडतो. पहाटेचा सराव योग्यच आहे, परंतु तो दोन तासांपलीकडे ताणू नये, आणि सर्व तलंगा पिताना दिसेपर्यंत दिवसा घमेले ठेवावेच. प्रौढ कोंबडी साध्या हवामानात दिवसाला सुमारे २०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे खाल्लेल्या खाद्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते आणि कडक उन्हाळ्यात हे प्रमाण पुन्हा दुपटीपर्यंत जाते. अंड्याचे वजन जवळजवळ दोन तृतीयांश पाण्याचे असते. अंड्यावर येण्याच्या सुमारास पाणी तुटले तर आधी खाणे घटते, मग अंडी लांबतात, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवसभर पाणी मिळाले नाही तर ती पिसे टाकण्यापर्यंत मजल जाते. ‘तहान लागली की आपोआप पितील’ हा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. तो कृपया मानू नये.

कोण प्यायली आणि कोण नाही हे दिवसा नुसते पाहून कळत नाही. संध्याकाळी तलंगा दांडीवर बसल्या की गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. पाणी प्यायलेल्या तलंगेची पिशवी भरलेली असूनही मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते. कोरडे खाद्य खाऊन तहानलेली राहिलेली असेल तर तीच पिशवी टणक असते आणि आत दाणे-भुगा वेगळा हाताला लागतो. अशा तलंगांच्या पायात रंगीत कडे घालावे, त्यांना लगेच उघड्या भांड्यातून पाणी पाजावे आणि दुसऱ्या दिवशी नेमके त्यांच्यावर लक्ष ठेवावे. बहुतेकदा या कळपात खालच्या पायरीवरच्या असतात. त्यांना निपल कळलेला असतो, पण दांडगट तलंगा तिथे टिकू देत नाहीत. एका निपलमागे ८ ते १० पक्षी हे प्रमाण आपल्याकडे बसते आहे, तरीही पाचही निपल एका कोपऱ्यात गर्दीने न लावता भिंतीभर पसरून लावलेले बरे.

लसीकरणाचाही विचार करून ठेवावा. मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लासोटा लस पाण्यातून द्यायची असेल तर त्या पाण्यात क्लोरीन चालत नाही आणि लसीचे विषाणू टिकावेत म्हणून साय काढलेल्या दुधाची भुकटी घालतात. एवढ्याशा कळपासाठी हे काम लाइनमधून न करता त्या दिवसापुरते उघडे भांडे वापरावे, म्हणून जुनी भांडी टाकून देऊ नयेत.

माणदेश

कपाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गावठी कोंबडी स्वभावाने जमिनीवर टिपणारी असते, तिला वर बघायला शिकवायला वेळ लागतो. सुरुवातीला एक-दोन निपलखाली कप लावून ते रोज धुण्याची तयारी असेल तर त्याचा उपयोग होतो, आणि सवय झाल्यावर ते काढून टाकता येतात. गादी कोरडी राहण्यालाही त्याने हातभार लागतो.

माझा मुख्य मुद्दा पाण्याचा आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी क्षारांचे असते. पिनेच्या बैठकीत क्षाराचा पापुद्रा किंवा वाळूचा एक कण अडकला तरी एक निपल अखंड गळतो आणि दुसरा पूर्ण बंद पडतो, आणि बंद निपलला चार वेळा चोच मारून पाणी न मिळालेली कोंबडी तो नाद सोडते. त्यामुळे बादलीच्या आधी ठिबकला वापरतो तसा छोटा जाळीचा फिल्टर अवश्य बसवावा आणि रोज सकाळी प्रत्येक पिन स्वतःच्या बोटाने दाबून पाहावी. अधूनमधून, पक्षी दांडीवर बसल्यानंतर, लाइनमध्ये लिंबूसत्वाचे (सायट्रिक आम्लाचे) पाणी भरून ठेवावे आणि उजाडण्याआधी शेवटचे टोक उघडून लाइन स्वच्छ धुऊन घ्यावी. गूळ, जीवनसत्त्वे किंवा इलेक्ट्रोलाइट यांपैकी काहीही लाइनमधून दिले तरी अशीच धुलाई हवी, नाहीतर आतून बुळबुळीत थर चढतो.

उन्हाळा येण्याआधी हे शिक्षण उरकावे. पत्र्याखालच्या पाइपातील पाणी एप्रिल-मेच्या दुपारी हाताला चटका बसेल इतके तापते आणि कोंबड्या ते पीत नाहीत. ड्रम आणि बादलीवर ओले गोणपाट टाकावे, पाइप सावलीच्या भिंतीला घ्यावा, आणि दुपारी दोन-तीन वेळा टोक उघडून तापलेले पाणी सोडून द्यावे. ते पाणी झाडांना जाते, वाया जात नाही.

तळकोकण

धागा कोंबड्यांचा आहे, तरी कोणी बदकांसाठी वाचत असेल तर एक गोष्ट नोंदवतो. बदकांना निपलमधून पिता येते, पण नाकपुड्या आणि डोळे धुण्यासाठी त्यांना चोच पूर्ण बुडेल असे पाणी लागतेच, त्यामुळे त्यांच्यासाठी केवळ निपलवर अवलंबून राहू नये. लावा पक्षी मात्र निपलवर उत्तम शिकतात. त्यांच्यासाठी हलक्या पिनेचे, कमी प्रवाहाचे निपल घ्यावेत.

रानमळा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. फ्लोट व्हॉल्व्हची बादली बसवल्यावर चिळकांडी पूर्ण थांबली आणि मोजून पाहिले तेव्हा प्रवाह मिनिटाला ८० मिलिलिटरच्या आसपास आला. घमेले निपलखाली आणण्याचा उपाय सर्वाधिक लागू पडला. सर्वांत आधी एका गावठी तलंगेने थेंब टिपला. तिने मान वाकडी करून एका डोळ्याने पिनेकडे बराच वेळ पाहिले, चोच लावली, घोट घेतला आणि पुन्हा तिथेच उभी राहिली. तिच्यामागे एकेक करून बाकीच्या आल्या. संध्याकाळी चाचपल्यावर ज्या काही तलंगांच्या पिशव्या टणक लागल्या त्यांना कडी घातली आहेत, आणि त्या खरोखरच मारकुट्या तलंगांना भिऊन मागे राहणाऱ्या निघाल्या. दुसऱ्या भिंतीला आणखी दोन निपल लावल्यापासून त्याही पिताना दिसतात.

पुढच्या तुकडीसाठी एक दिवसाची पिल्ले आणणार आहोत. त्यांना पहिल्या दिवसापासून निपलवरच ठेवावे का? आमच्याकडे पहिल्या दिवशी गूळपाणी देण्याची पद्धत आहे, ते कसे जमवावे?

मुक्तसंचार

पिल्लांना शिकवणे मोठ्यांपेक्षा कितीतरी सोपे, कारण त्यांना मोडायला जुनी सवय नसते. गूळपाणी पहिल्या दिवशी छोट्या उलट्या भांड्यातूनच द्यावे आणि ब्रूडरमध्ये (पिल्लांना दिव्याची ऊब देण्याच्या जागेत) खाद्याच्या जवळच निपलची लाइनही पिल्लांच्या डोळ्याच्या पातळीला ठेवावी. त्यांच्यासाठी बादली आणखी खाली घ्यावी, इतकी की पिनेच्या टोकाशी थेंब स्थिर लोंबत राहील. पिल्ले त्या चमकत्या थेंबाला आपण होऊन टोचतात. पेटीतून सोडताना काही पिल्लांची चोच थेंबाला लावली की पुरते. दोन-तीन दिवसांनी पिल्लाची मान थोडी वर, साधारण ४५ अंशांत ताणली जाईल एवढी लाइन उचलावी आणि पुढे वाढीप्रमाणे वर घेत जावे. लाइनखालचे तूस सपाट ठेवावे, कारण खड्डा पडला की तिथल्या पिल्लाला निपल उंच होतो.

सगळी पिल्ले निपलवर आलेली दिसली की छोटी भांडी एकेक करून काढावीत. पहिल्या रात्रीनंतर सकाळी ब्रूडरच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतील काही पिल्ले हातात घेऊन पहाटवारा यांनी सांगितल्याप्रमाणे पिशवी चाचपून पाहावी. रिकामी किंवा टणक पिशवी एकाच कोपऱ्यातील पिल्लांत आढळली तर आधी त्या बाजूचे निपल आणि दिव्याची ऊब तपासावी.