मदत हवी आहे: इंग्लंडमधली खासगी शाळा बंद होतेय, लेक इयर १० मध्ये

नमस्कार मंडळी,

लेक इथल्या एका लहानशा खासगी शाळेत इयर १० ला आहे. नुकतंच सगळ्या पालकांना पत्र आलं: समर टर्म संपली की शाळा कायमची बंद. जीसीएसईचा (इयर ११ च्या शेवटी होणारी बोर्डाची परीक्षा) निम्मा अभ्यासक्रम झालाय, उरलेला कुठे करायचा हा प्रश्न.

पत्रातली कारणं खोटी वाटत नाहीत. जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट आला. एप्रिलमध्ये धर्मादाय शाळांची बिझनेस रेट्समधली (इमारतीवरचा स्थानिक कर) सवलत गेली, आणि त्याच महिन्यात नोकरी देणाऱ्याने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा हप्ता) १३.८ वरून १५ टक्के झाला. शिक्षकांच्या पेन्शनमधला शाळेचा हिस्सा तर २०२४ मध्येच २८ टक्क्यांच्या वर गेला होता. वर्गातली चार मुलं गेली तरी वर्ग चालवावाच लागतो, शिक्षकाचा पगार काही चार मुलांपुरता कमी होत नाही. (व्हॅट योग्य की अयोग्य हा वाद कृपया इथे नको. त्याचे धागे ढिगाने आहेत.)

जवळच्या सरकारी शाळेत इयर ११ ला कदाचित जागा होईल असं कौन्सिल म्हणतंय. पण लेकीचं गणित आयजीसीएसई (जीसीएसईची आंतरराष्ट्रीय आवृत्ती) आहे, इतिहास एक्यूए बोर्डाचा, आणि त्या शाळेत इतिहास एडेक्सेल बोर्डाचा. शिवाय तिचा आर्ट विषय तिथे नाहीच. दुसऱ्या खासगी शाळेची फी आता झेपणार नाही.

डिपॉझिट आणि पुढच्या वर्षाची काही आगाऊ फीही शाळेकडे आहे. नवरा म्हणतो, आधी पैशांच्या मागे लाग. मला वाटतं आधी जागा. शिवाय आम्ही टर्म संपण्याआधीच तिला काढली तर एका टर्मची नोटीस दिली नाही म्हणून फी मागतील का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

– शाईची_दौत

खडूफळा:
मी इथे माध्यमिकला शिकवते. जागा आधी, पण त्याच्याही आधी कागद. शिक्षक अजून शाळेत आहेत तोवर प्रत्येक विषयाचं बोर्ड, स्पेसिफिकेशन (अभ्यासक्रम) कोड, कुठपर्यंत शिकवून झालंय आणि साहित्यात कोणतं नाटक, कोणत्या कविता, हे लेखी घ्या. ऑगस्टमध्ये शाळेचे ईमेल बंद झाले की विचारणार कोणाला?
इतिहासात बोर्ड बदललं की कालखंडच बदलू शकतात, तो सगळ्यात त्रासाचा विषय. गणिताचं एवढं मनावर घेऊ नका. सरकारी शाळा आयजीसीएसई सहसा देत नाहीत, पण साध्या जीसीएसईशी बराचसा भाग जुळतो, उन्हाळ्यात भरून निघेल.
इन-इयर अर्ज (प्रवेशाच्या नेहमीच्या वेळेबाहेर शाळेत जागा मागायचा) आजच करा. उत्तर १५ शालेय दिवसांत द्यावंच लागतं. नकार आला तर अपील करता येतं, ते सोडू नका. आसपास कुठेच जागा नसेल आणि मूल चार आठवडे किंवा त्याहून जास्त शाळेबाहेर राहिलं, तर फेअर ॲक्सेस प्रोटोकॉलबद्दल (जागा न मिळालेल्या मुलांना शाळा मिळवून द्यायची व्यवस्था) कौन्सिलला नाव घेऊन विचारा. आपणहून क्वचितच सांगतात.

हिशोबनीस:
ताई, तुमचे यजमान अगदीच चूक नाहीत. शाळा चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेली तर आगाऊ फी भरलेले पालक बहुधा विनातारण धनको ठरतात, म्हणजे बँक वगैरेंच्या मागे रांगेत. शाळा स्वतःहून नीट बंद होतेय की ॲडमिनिस्ट्रेटर (दिवाळखोरीत कारभार बघणारा) नेमलाय, हे आधी विचारा. डिपॉझिट आणि आगाऊ रकमेची परत मागणी आत्ताच लेखी करा, दहा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी जागेचा शोध थांबत नाही. क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर सेक्शन ७५ बघा (सेवा मिळाली नाही तर कार्ड कंपनीकडे पैसे मागता येण्याचं कलम), १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीला लागू होतं.
नोटिशीबद्दल करार वाचा. मधेच काढणार असाल तर 'नोटिशीची फी घेणार नाही' हे शाळेकडून लेखी आल्याशिवाय शाळा सोडण्याचं पत्र देऊ नका. तोंडी आश्वासनाला इथे काडीची किंमत नाही.

शाईची_दौत:
दोघांचेही खूप आभार. कराराची प्रत शोधून काढली, क्रेडिट कार्डाने फक्त डिपॉझिट भरलंय. इन-इयर अर्जही टाकला.
@खडूफळा, आर्टचं काय करू? पोर्टफोलिओला ६० टक्के गुण आहेत आणि तिची सगळी कामं शाळेच्या कपाटात आहेत. खासगी उमेदवार म्हणून एखादं परीक्षा केंद्र घेईल का?

खडूफळा:
आर्टला अशी केंद्रं मिळणं कठीण, कारण काम तिचंच आहे याची खात्री शिक्षकाने द्यावी लागते. कपाटातली कामं याच आठवड्यात घरी आणा, शिक्षकाकडून तारखांसकट सही घ्या. मग नव्या शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरला (परीक्षांचं काम बघणाऱ्याला) थेट फोन करा. हेडला नको, एक्झाम्स ऑफिसरलाच.