नवरात्राचं रेकॉर्डिंग तोंडावर आलंय, ड्रायव्हर आणि बायोस अपडेट करू का?

तुणतुणं_लातूर

राम राम मंडळी. औसा रोडला घराच्या वरच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. आराधी गाणी, गोंधळ, अधूनमधून हरिपाठ, हेच काम. घटस्थापनेला तीन आठवडे राहिलेत आणि दोन आराधी मेळ्यांची गाणी ठरलीत.

मशीन रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम. सहा वर्षं एकदाही दगा दिला नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मागच्या महिन्यात ११ टाकून घेतलं. त्यासाठी दुकानदाराने बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय चालू केली. तेव्हापासून दिवसातून दोन-तीनदा सगळंच अडकायलंय. माऊससुद्धा सेकंदभर जागेवर थांबतो आणि स्पीकरमधून 'घर्रर्र' येतं. काल जोगवा रंगात आला होता, संबळ आणि झांज एकजीव झालेली, आणि नेमकं तेव्हाच घर्र. टेक गेला.

दुकानदार म्हणतो, एका सॉफ्टवेअरने सगळे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला मशीनचे भाग चालवायला लागणारी छोटी सॉफ्टवेअरं, एकदम अपडेट करून देतो. माइक पीसीला जोडायचा जो इंटरफेस आहे, त्याचं ॲपही रोज फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायची खिडकी उघडून दाखवायलंय. काय करू? हात लावायची भीती वाटायलीय.

परभणीचा_रेकॉर्डिस्ट

दादा, दुकानदाराला आधी थांबवा. सगळे ड्रायव्हर एकदम बदलले आणि उद्या दुसरंच काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते देवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन दिवस काम करून बघायचं, मग पुढची.

इंटरफेसचं फर्मवेअर तर आत्ता अजिबात नको. माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. गंगाखेडकडचं एक महिला भजनी मंडळ आलं होतं, अकरा जणी, जीप भाड्याने करून. त्या चहा घेत होत्या तेवढ्यात मी ती अपडेटची खिडकी 'हो' म्हणून दाबली. निम्म्यावर लाइट गेली. माझा इन्व्हर्टर चालू व्हायला वेळ घेतो, पीसी बंद पडला, आणि इंटरफेसचा एक दिवा नुसता लुकलुकत राहिला. तो पुण्याला दुरुस्तीला गेला तो बावीस दिवसांनी आला. त्यातल्या म्हाताऱ्या आजींनी नुसतं बसल्या बसल्या एक गवळण गुणगुणली होती, तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. दुसऱ्यांदा मंडळ आलं तेव्हा त्या आजारी होत्या. इंटरफेस त्याआधी व्यवस्थित चालत होता. अपडेटची गरजच नव्हती. ते मला अजून लागतं.

पण तुमचं दुखणं वेगळं आहे, आणि तिथे बायोस अपडेट हेच औषध आहे असं मला वाटतं. बफर, म्हणजे आवाजाचा आगाऊ साठा, कमी पडला की आवाजात बारीक बारीक 'टिकटिक' येते, माऊस मात्र चालू राहतो. तुमचं अख्खं मशीन थांबतंय, तेही टीपीएम चालू केल्यापासून. रायझनचं हे ओळखीचं दुखणं आहे. प्रोसेसरमधलं टीपीएम, म्हणजे एफटीपीएम, बोर्डावरच्या बायोसच्या चिपशी मधूनच लांबलचक देवाणघेवाण करतं आणि तेवढा वेळ बाकी सगळं खोळंबतं. रायझन बनवणाऱ्या एएमडीने मार्च २०२२ मध्ये हे स्वतः मान्य केलं. एजीसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा त्यापुढचं असलेलं बायोस टाकलं की जातं.

खात्री करायची तर लेटन्सीमॉन नावाचं, मशीन कशामुळे अडतं ते दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवून ठेवा. त्यात 'एनडीआयएस' नावाची फाइल सतत वर दिसली तर दोष नेटवर्कचा, वाय-फाय बंद करून बघा. 'एनव्हीएलडीडीएमकेएम' दिसली तर एनव्हिडियाच्या कार्डाचा.

बीडवरून_ढोलकी

माझं मशीन विंडोज ७ वर आहे, नेट जोडलेलंच नाही. काही होत नाही. तुम्हीही वायर काढून टाका.

परभणीचा_रेकॉर्डिस्ट

भाऊ, तुमचं जमलंय ते चांगलंच. पण गाणाऱ्यांचे पेनड्राइव्ह गावातल्या दहा कॉम्प्युटरला लागून आलेले असतात, व्हायरस तिथूनही येतो. शिवाय दादांचा दोष नेट काढून जाणारा नाही.

बोर्डवाला_संभाजीनगर

मी बोर्ड दुरुस्त करतो. वरचं निदान मलाही पटतं. बायोस टाकताना मात्र घाई नको. अर्ध्यात वीज गेलेले बोर्ड माझ्याकडे येतात, चिप काढून प्रोग्रामरवर लिहावी लागते.

आधी सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बायोसची तारीख बघा, २०२२ च्या आधीची असेल तर शंका पक्की. बोर्डावर छापलेलं मॉडेल आणि रिव्हिजन नंबर दोन्ही वाचा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनची फाइल वेगळी असू शकते. फाइल कंपनीच्या साइटवरूनच घ्या, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसच्या आतूनच चढवा, विंडोजमधून नको. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर मशीन रिकव्हरी की मागत बसेल. सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा, कारण अपडेटनंतर रॅमचा वेग वगैरे मूळपदावर जातो. आणि डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या.

विजेचं: पीसी खऱ्या यूपीएसवर हवा. इन्व्हर्टरच असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, इको मोडमध्ये पीसी पडतो.

तुणतुणं_लातूर

सगळ्यांचे आभार. बायोस २०१९ चं निघालं! शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा यूपीएस आणला, आधी टेबलफॅन लावून दहा मिनिटं बॅटरी तपासली. मग पहाटे साडेपाचला अपडेट केलं, त्या वेळी आमच्याकडे लाइट सहसा जात नाही. पट्टी शंभरावर जाईपर्यंत बायको दारात उभी होती, कुणी वर येऊ नये म्हणून. रॅमचा वेग फोटो बघून परत लावला.

आज पाचवा दिवस. लेटन्सीमॉन रात्रभर चालू ठेवलं, एकदाही अडकलं नाही. ड्रायव्हर एकही बदलला नाही, इंटरफेसची खिडकी रोज बंद करतो. विंडोजचे अपडेटही पाच आठवडे थांबवून ठेवलेत, तेवढ्यात दसरा होऊन जाईल. काल मेळा पुन्हा आला, तोच जोगवा घेतला. बफर १२८ वर, सलग नऊ मिनिटं.

परभणीचे दादा, त्या आजी आता बऱ्या आहेत का? असतील तर लातूरला घेऊन या, जीपचं मी बघतो.