प्रतिसाद: तासिका कापू नका, प्रसंग बदला

शाळेतल्या मुलांसाठीच्या 'अनप्लग्ड' या व्यसनप्रतिबंधक कार्यक्रमाच्या १२ तासिका ३ व्याख्यानांत बसवाव्यात, कारण वेळापत्रकात जागा नाही, असं कुणी सुचवलंय. कृपया असं करू नका. अशा काटछाटीत सर्वांत आधी सराव जातो आणि उरते नुसती माहिती. माहितीने मुलांचं वागणं फारसं बदलत नाही; अमेरिकेतल्या शाळांमधल्या जुन्या 'डेअर' या व्यसनविरोधी कार्यक्रमाच्या मूल्यमापनांत हेच दिसलं होतं.

बदलायचेच असतील तर प्रसंग, नावं, भाषा बदला. नकाराचा सराव मात्र तसाच ठेवा: दोघं आग्रह करणार, एक नकार देणार, दोघं निरीक्षण करणार, मग अदलाबदल. "एकदाच ओढ, काय होतंय?" याला उत्तर मुलांच्याच बोलीत यायला हवं. शिक्षकाने वाक्य लिहून दिलं की ते पाठ होतं आणि ऐन वेळी तोंडातून फुटत नाही.

दुसरं, "सगळेच पितात" हा समज मोडायला वर्गातच निनावी चिठ्ठ्या घ्या: किती जण पीत असतील असं वाटतं, आणि स्वतः पिता का. अंदाज बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो. मात्र वर्गात खरंच प्रमाण जास्त असेल तर हा खेळ उलटतो, म्हणून चिठ्ठ्या आधी स्वतः मोजा. आणि जोखमीची मुलं वेगळी काढून त्यांचा गट करणं टाळाच. ती एकमेकांना व्यसनच शिकवतात.