शब्दचर्चा : अज्ञेयवादी माणूस यहुदी धर्म ‘पाळतो’ म्हणजे काय करतो?

प्रश्न (जळगाव)
आमच्या वाचनमंडळासाठी एका ज्यू गृहस्थाच्या मनोगताचं मराठी करतेय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : देव आहे की नाही मला ठाऊक नाही, आणि ते कुणाला कळेल असंही वाटत नाही. तरी मी यहुदी धर्म सोडलेला नाही, माझ्या वागण्यातून तो पाळतो. मी ‘अज्ञेयवादी धार्मिक’ लिहिलं. घरी आप्पा म्हणाले, दोन्ही एकदम कसं असेल? मग ‘नास्तिक’ लिहू का?

उत्तर (अमळनेर)
ताई, ‘नास्तिक’ नको. आजच्या मराठीत त्याचा अर्थ ‘देव नाहीच’ असं ठामपणे म्हणणारा, आणि तुमचा माणूस तेवढं म्हणत नाही. मनुस्मृतीत तर नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. देवाचा तिथे संबंधच नाही. ‘अज्ञेयवादी’ बरोबर आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ इंग्रज शास्त्रज्ञ टी. एच. हक्सलेने १८६९ साली घडवला, तो याच अर्थाने : जे कळण्यासारखं नाही त्याबद्दल कळल्याचा दावा करायचा नाही.

आप्पांची अडचण ‘धार्मिक’ या शब्दात आहे. तो काढा आणि क्रियापद नीट निवडा. मराठीत देव ‘मानतात’, पण व्रत, कुळाचार, सोयरसुतक ‘पाळतात’. श्रावणात कानबाई, म्हणजे आपली खानदेशी कुळदेवी, बसवणाऱ्या घराला कुणी विचारत नाही की तुमची श्रद्धा किती पक्की. नैवेद्याचे रोट झाले का, भाऊबंद जमले का, एवढंच पाहतात. यहुदी परंपरेचा भरही असाच पाळण्यावर आहे. त्यांच्या धर्मनियमांना ‘हलाखा’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा धातू ‘चालणे’ असा आहे. आपण ‘चालचलणूक’ म्हणतो तसंच. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजातल्या लोकांना शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटलं, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. त्यांचं देवाबद्दल मत काय, हे नाव ठेवणाऱ्यांनी पाहिलं नाही; ते काय पाळतात ते पाहिलं.

आता ‘वागण्यातून’ म्हणजे नेमकं काय, हे वाचकांना कळलं पाहिजे, नाहीतर ‘चांगलं वागा’ एवढाच गुळमुळीत अर्थ उरेल. तोरा म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ; त्यातल्या लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय उघडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नको. वजनमाप खोटं ठेवू नको. शेताच्या कोपऱ्यातलं पीक कापू नको, सरवा वेचू नको, तो गरिबाला आणि परक्याला राहू दे. मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमसंग्रहाने कोपऱ्याचं किमान मापही ठरवलंय : शेताचा ६०वा भाग. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वाक्य याच अध्यायात आहे, मजुरी आणि मापांच्या शेजारी. कापूस वेचणीची मजुरी हातात पडायची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मनोगतात ‘त्सदाका’, म्हणजे गरिबाला द्यायची मदत, हा शब्द आला तर ‘दान’ लिहू नका. तो शब्द न्याय या अर्थाच्या मुळापासून आला आहे. गरिबाला दिलं ते उपकार म्हणून नव्हे, त्याचं देणं होतं म्हणून.

हरकत (धुळे)
पटतं, पण अर्धंच. ‘मित्स्वा’ म्हणजे आज्ञा. आज्ञा करणारा ठाऊक नसेल तर पाळायचं कुणाचं? १२व्या शतकात मैमोनिदेस या यहुदी धर्मपंडिताने श्रद्धेची १३ तत्त्वं सांगितली, त्यातलं पहिलंच देवाच्या अस्तित्वाचं. शिवाय सनातनी यहुदी म्हणेल, शेजाऱ्याशी नीट वागलात, छान. पण शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, आणि खाण्यापिण्याचे नियम सुटलेत त्यांचं काय? त्या गृहस्थाची भूमिका सगळ्या यहुद्यांची आहे असा समज अनुवादातून होता कामा नये.

उत्तर (अमळनेर)
भाऊ, तळटीप द्यावीच, हे मान्य. पण ही भूमिका बाहेरून आणलेली नाही. यरुशलेमी तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात देवाच्याच तोंडी वाक्य आहे, आशय असा : त्यांनी मला सोडलं तरी चालेल, माझी तोरा सोडू नये. पुढे असंही म्हटलंय की तोराच त्यांना परत आणेल, तेव्हा तुमची हरकत तिथेही शिल्लक आहे. ‘मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात सगळी तोरा शिकव’ म्हणणाऱ्या माणसाला हिल्लेल या जुन्या यहुदी गुरूने सांगितलं : तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नको, हीच सगळी तोरा; बाकीचं भाष्य आहे, जा, शिक. ‘जा, शिक’ हा तुकडा लोक गाळतात. तो तुमच्या बाजूचा आहे.

आज्ञा करणाऱ्याचं म्हणाल, तर आपल्याकडच्या पूर्वमीमांसकांना, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या लोकांना, विचारा. जगाचा कर्ता ईश्वर त्यांनी मानला नाही, तरी विधी काटेकोर पाळले. त्यांच्या जैमिनीच्या सूत्रात धर्माची ओळखच ‘चोदना’, म्हणजे विधिवाक्याची प्रेरणा, अशी आहे. विधी आणि विधाता वेगळे धरता येतात, हे आपल्या मातीत नवं नाही.

भर (चोपडा)
आप्पांसाठी अहिराणीत : “देव शे का नही, माले ठाऊक नही.” अज्ञेयवादाला आमच्याकडे एवढं पुरतं. आणि ‘सरवा’ बदलू नका. तूर-ज्वारी निघाल्यावर बाया सरवा वेचायला जातात, शब्द जिवंत आहे.

प्रश्नकर्ती (जळगाव)
वाक्य असं केलंय : “देव आहे की नाही मला ठाऊक नाही, यहुदी धर्म मी पाळतो, तो माणसांशी वागताना.” मैमोनिदेसची तळटीप घातली. त्सदाकाला ‘न्यायाचं देणं’ लिहिलंय, तिथे याहून नेमका शब्द कुणाला माहीत असेल तर सांगा.